हिशेबाची दुसरी प्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या व्यापारी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कोकणातील जुन्या कापडपेढीवर एका व्यवहाराची नोंद किती ठिकाणी होत असे, हे नव्या पिढीला सांगितले तर नवल वाटेल. गिऱ्हाईक समोर असतानाच कच्च्या वहीत टिपण होई. सायंकाळी दिवाणजी ते रोजमेळात उतरवीत. तेथून ती रक्कम खतावणीत आसामीच्या नावे पडे. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आला, त्याच्या वहीत तीच रक्कम उलट्या बाजूस लिहिलेली असे आणि बीजक तारेच्या आकड्यात निराळे अडकविलेले असे. एखाद्या वहीला वाळवी लागली, एखादी पागोळ्यांत भिजली, तरी उरलेल्या वह्यांवरून तिचा बराचसा मजकूर पुन्हा उभा करता येई. द्विनोंदी पद्धत चूक सापडावी म्हणून निर्माण झाली हे खरे. परंतु तिने नकळत आणखी एक काम केले. एकच हकीकत तिने दोन-तीन ठिकाणी जिवंत ठेवली.

संगणकाने या साऱ्या वह्या एकत्र केल्या. कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे श्यामसुंदर गोएंका यांनी आपले पुत्र भरत यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये टॅलीची मुहूर्तमेढ रोवली, तीही स्वतःच्या धंद्याचा हिशेब सुलभ व्हावा म्हणून. एकदा नोंद केली की रोजमेळ, खतावणी, तेरीज, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद आपोआप तयार होतात, ही सोय लहान नाही. मात्र या सोयीची एक किंमत आहे. पूर्वी पाच वह्यांत असलेले सर्व काही आता एका यंत्रातील एका डिस्कवर, एका फोल्डरमध्ये येऊन बसले आहे. कच्ची वही गेली, नक्कल वही गेली. लक्ष्मीपूजनाला संगणकावर हळदकुंकू वाहिले जाते. पण त्या संगणकाची दुसरी प्रत कोठे आहे, असे विचारले तर पुष्कळ पेढ्यांवर सर्वजण एकमेकांकडे पाहू लागतात.

कापडाच्या धंद्यात नेमके काय पणाला लागलेले असते? गोदामातील माल विम्याने सुरक्षित करता येतो. भिजलेला तागासुद्धा कमी भावाने का होईना, विकला जातो. उधारीचे तसे नाही. लगीनसराईत खेड्यापाड्यांतून नेलेल्या बस्त्याची बाकी ही केवळ नोंदीच्या रूपाने अस्तित्वात असते. नोंद गेली की ती रक्कम गिऱ्हाइकाच्या स्मरणशक्तीवर आणि भलेपणावर अवलंबून राहते. जीएसटीच्या संकेतस्थळावर विवरणपत्रे आहेतच, असे कोणी म्हणतील. तेथे नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री बीजकवार मिळेल, हे मान्य. परंतु गल्ल्यावरची किरकोळ विक्री तेथे एकत्रित आकड्याने असते; कोणाकडे किती येणे आहे, कोणत्या रंगाचे किती तागे शिल्लक आहेत, कोणत्या भावाने घेतले, हे तेथे कोठून असणार?

याच विषयाचा सर्वांत मोठा धडा रायगडच्या किनाऱ्यावरच मिळालेला आहे. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तेथे एकाहून अधिक टर्मिनले आहेत व त्यांचे चालक निरनिराळे आहेत. २०१७ मध्ये त्यांपैकी गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्सकडून चालविले जात होते. २७ जून २०१७ रोजी मर्स्कचे संगणक जगभर एकाएकी बंद पडले आणि त्याबरोबर न्हावा-शेव्याच्या या टर्मिनलचे कामही कोलमडले. तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, १ जुलैला, जीएसटी लागू झाला. एरवी व्हॅटच्या बाहेर राहिलेले कापडही कराच्या कक्षेत आले आणि कित्येक कापड दुकानांत त्याच आठवड्यात पहिल्यांदा संगणक बसला.

कंटेनर टर्मिनलमध्ये संगणक काय करतो, हे कापडवाल्याला चटकन समजेल. आवारात सारख्याच दिसणाऱ्या हजारो पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. कोणती पेटी कोणत्या रांगेत, कितव्या थरावर, कोणाची, कोणत्या जहाजावर जायची, हे सर्व संगणकातील यादीच सांगते. त्या दिवशी क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती, पेट्याही जागच्या हलल्या नव्हत्या. नाहीशी झाली होती ती केवळ यादी. गाठींवरील मार्क पुसले गेले आणि बीजकेही हरवली, तर भरलेल्या गोदामाचे जे होईल तेच येथे प्रचंड प्रमाणात झाले. हाताने, कागदावर काम चालविण्याचा प्रयत्न झाला; पण एवढ्या मोठ्या बंदराचा गाडा कागदावर फार काळ ओढता येत नाही.

हा हल्ला मर्स्कवर म्हणून झालाच नव्हता. नॉटपेट्या नावाने पुढे ओळखली गेलेली ही विनाशक प्रणाली युक्रेनमध्ये कर-हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत लपवून पसरविण्यात आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी तिचा दोष उघडपणे रशियाच्या लष्करावर ठेवला. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत असे. परंतु पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच तीत ठेवलेली नव्हती. विंडोजमधील ज्या दोषाचा तिने लाभ घेतला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. तेवढ्याने भागले असते असे मात्र नाही. ही प्रणाली एका यंत्रातून पासवर्ड चोरून दुसऱ्या, दुरुस्त केलेल्या यंत्रातही शिरत असे. दूरच्या देशातल्या भांडणातील ठिणगी उडून उरणच्या धक्क्यावर आग लागावी, असा हा प्रकार. त्यामुळे ‘आमच्या छोट्या दुकानावर कोण हल्ला करणार?’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. असली प्रणाली दुकान निवडून येत नाही.

मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली नव्याने उभ्या केल्या, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस येथे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. या सगळ्यात व्यापाऱ्याने मनात कोरून ठेवावी अशी हकीकत निराळीच आहे.

मोठ्या कंपनीच्या संगणक-जाळ्यात डोमेन कंट्रोलर नावाचे सर्व्हर असतात. कोण माणूस, कोणते यंत्र, कोणाला कोणत्या दालनाची किल्ली, याची नोंदवही त्यांच्याकडे असते. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि प्रत्येकात तीच नोंदवही सतत उतरत राही. एक बंद पडला तर दुसरा काम पुढे चालवील, अशी ही योजना. दीडशे प्रती असताना आणखी एक प्रत बाजूला काढून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. पण दीडशेही सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते, आणि जोडलेले असल्यामुळेच ते एकाच वेळी पुसले गेले. अपवाद फक्त एक. आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती. यंत्र बंद होते, म्हणून जाळ्यापासून तुटलेले होते, म्हणून वाचले. तेथून ती माहिती तारेवरून इंग्लंडला पाठविण्याइतका वेग तेथील जोडणीला नव्हता आणि घानाच्या कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एक कर्मचारी विमानाने नायजेरियाला गेला, तेथे त्याने हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती सोपविली आणि ती लंडनला पोहोचली. जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक कंपनी वीज गेल्यामुळे वाचली! भारनियमनाला उभा जन्म शिव्या घालणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाने हे जरा शांतपणे ऐकावे.

या घटनेवरून दोन गोष्टींतील भेद स्पष्ट होतो. सतत चालू राहणारी जोड-यंत्रणा वेगळी आणि बॅकअप वेगळा. पहिलीत दोन किंवा अधिक सर्व्हर एकच काम बरोबरीने करतात. एक कोसळला तर दुसरा क्षणात त्याची जागा घेतो. यंत्र बिघडणे, वीज जाणे यांपासून ती रक्षण करते. परंतु चुकीची नोंद, पुसलेली नोंद किंवा विषारी नोंद ती तितक्याच इमानाने दुसऱ्या यंत्रात उतरविते. एका सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवून दोहोंवर तोच मजकूर लिहिणारी ‘रेड’ पद्धतही याच जातीची. विक्रेते ती बॅकअप म्हणून विकतात. ती बॅकअप नव्हे. ज्या ऑनलाइन फोल्डरमध्ये दुकानातील फाइल आपोआप जुळत राहते, त्याचेही तेच. दुकानात फाइल पुसली की तेथीलही पुसली जाते. जुनी आवृत्ती काही दिवस परत मिळते एवढेच, आणि तीही सोय चालू केलेली असेल तर. बॅकअप म्हणजे कालची, परवाची, मागील महिन्याची अशी प्रत, जी आजच्या यंत्रापासून तुटलेली आहे. ती जुनी असते, हाच तिचा गुण.

मग जोड-यंत्रणा निरुपयोगी का? मुळीच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्हावा-शेव्याच्या आणखी एका टर्मिनलवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला, तेव्हा त्या टर्मिनलची जहाजे त्याच बंदरातील शेजारच्या टर्मिनलांकडे वळविता आली. बंदर चालू राहिले. पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टा डेटा सेंटरची रचना अपटाइम इन्स्टिट्यूटच्या चौथ्या श्रेणीची आहे. या श्रेणीची अपेक्षा ९९.९९५ टक्के वेळ सेवा चालू राहण्याची असते, म्हणजे वर्षभरात खंड फार तर २६ मिनिटांचा. बँक, रुग्णालय, बंदर यांना ते हवेच. कापड दुकानदाराने मात्र असल्या खर्चात पडण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. संगणक बंद पडला तर किती वेळ दुकान चालविता येईल? आणि किती दिवसांच्या नोंदी पावती पुस्तकावरून पुन्हा लिहून काढता येतील? श्रावणातील एखाद्या मंगळवारी उत्तर ‘दोन दिवस’ असेल. धनत्रयोदशीच्या आठवड्यात ‘दोन तास’सुद्धा नसेल. बहुतेक पेढ्यांना इन्व्हर्टर आणि टॅली घालून तयार ठेवलेला दुसरा साधा संगणक एवढी जोड-यंत्रणा पुरते. उरलेला पैसा प्रतींवर खर्च करावा.

प्रत कोठे ठेवावी, हा प्रश्न रायगडात इतर ठिकाणांपेक्षा अधिक गंभीर आहे. सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाडची बाजारपेठ २६ जुलै २००५ ला बुडाली आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडाली. दुकानातील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेन ड्राइव्ह असल्या पुरात एकदमच जातात. माळ्यावर ठेवलेली डिस्क कदाचित वाचेल. त्याच पेठेतील भावाच्या दुकानात ठेवलेली प्रत ही दुसरी प्रत नव्हे. दोन्ही दुकाने एकाच नदीच्या स्वाधीन आहेत. महाडच्या प्रतीने पुणे किंवा पनवेल गाठले पाहिजे.

तर मग सर्व काही क्लाउडवर ठेवावे, असे तरुण मंडळी म्हणतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागात विजेचे खांब भुईसपाट झाले, मोबाइल मुके झाले आणि कित्येक गावांना वीज परत मिळण्यास आठवडे लागले. त्या दिवसांत क्लाउडवरील प्रत सुरक्षित होती, पण ती उतरवून घेण्यास तार नव्हती. घानाच्या कर्मचाऱ्यापुढे हीच अडचण होती. म्हणून क्लाउड हवे आणि हातात धरता येईल अशी डिस्कही हवी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने छायाचित्रे जपण्यासाठी सांगितलेला तीन-दोन-एकचा नियम आता सर्वत्र मान्य झाला आहे: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक गावाबाहेर. मर्स्कच्या अनुभवानंतर त्यात एक भर घालावी लागते. निदान एक प्रत कोणत्याही यंत्राला जोडलेली असता कामा नये.

व्यवहारात हे अवघड नाही. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. दुकान बंद करताना बॅकअप घ्यावा, केबल काढावी आणि डिस्क घरी न्यावी. दिवसभर जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच मरते, हे विसरू नये. महिनाअखेरची प्रत तिसऱ्या डिस्कवर घेऊन परगावी पाठवावी. तेथे ती कपाटात नुसती पडून राहू द्यावी. किनाऱ्यावरील खारी, दमट हवा धातूच्या जोडण्यांना गंज आणते, तेव्हा डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे बरे. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यास चांगला, वर्षानुवर्षे सांभाळण्यास नाही.

ही डिस्क म्हणजे साऱ्या गिऱ्हाइकांची खतावणी आहे, हेही भान हवे. ती पासवर्डाने बंद असावी. टॅलीच्या व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळत नाही, कंपनीकडूनही नाही. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवावा आणि घरातील आणखी एका जबाबदार माणसाला त्याचा ठाव असावा. हिशेब लिहिणारा आठवड्यातून दोनदा येणारा मनुष्य असेल, तर ही सर्व माहिती एकट्या त्याच्या डोक्यात राहू देणे मालकाला शोभत नाही.

दप्तर जतन करणे हे आणखी वेगळे काम. बॅकअप कालच्या दिवसाकडे परत जाण्यासाठी असतो. जतन केलेले दप्तर सहा-सात वर्षांनी विचारणा झाल्यावर दाखविण्यासाठी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत देय, तर त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हवे. अपील चालू असेल तर त्याहूनही पुढे. याच कायद्याखालील नियम ५७ तर असे सांगतो की संगणकावरील हिशेबाचा योग्य बॅकअप हवा आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने हिशेब नष्ट झाल्यास तो वाजवी मुदतीत पुन्हा उभा करता आला पाहिजे. पूर आला, ही सबब त्यामुळे अपुरी पडते. कंपनी असेल तर मुदत आठ आर्थिक वर्षांची, शिवाय भारतातील सर्व्हरवर दररोज बॅकअप; बहुतेक कापड दुकाने मालकीची वा भागीदारीची असल्याने त्याचा विस्तार येथे नको. सात वर्षांनी सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली असते, जुनी फाइल नव्यात उघडताना रुसते. यासाठी प्रत्येक मार्चअखेरीस खतावणी, तेरीज, साठ्याची यादी आणि ताळेबंद पीडीएफ करून दप्तराच्या डिस्कवर ठेवावेत. येणे बाकीची यादी तर छापूनच ठेवावी. चाळीस पानांचा कागद कोणताही व्हायरस खाऊ शकत नाही. वाळवीचा बंदोबस्त मात्र करावा लागेल.

शेवटचा मुद्दा सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकतज्ज्ञांच्याच कंपनीत एका अभियंत्याने रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली. प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा पाचांपैकी एकही नीट चालत नव्हती. कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या प्रतीने लाज राखली. जेथे तज्ज्ञांची ही गत, तेथे दुकानातील पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण झाला’ असा संदेश आला म्हणून निर्धास्त होणे धाडसाचे आहे.

परत उतरवून पाहिल्याखेरीज प्रत खरी मानू नये. दर तीन महिन्यांनी, एखाद्या सुटीच्या दुपारी, गावाबाहेरची डिस्क मागवावी. दुकानातला नव्हे, दुसरा संगणक घ्यावा, कारण दुकानातल्या यंत्रावर जुना बॅकअप उतरविताना चालू हिशेबच झाकला जाण्याचा धोका असतो. त्यावर प्रत उतरवून ज्या तारखेचा बॅकअप आहे त्या तारखेची तेरीज काढावी आणि त्या दिवशी छापून ठेवलेल्या तेरजेशी ताडून पाहावी. मग पाच आसामींची खाती उघडून त्यांची बाकी बघावी. त्यांत एक जुनी, थकलेली उधारी अवश्य असावी. आकडे जुळले तर डिस्क पुन्हा परगावी रवाना करावी. न जुळले तर त्याच आठवड्यात नवी डिस्क घ्यावी, आणि बॅकअप कोणत्या तारखेपासून फसत होता याचा शोध घेईपर्यंत जुनी फेकू नये.